बारकी अजून शिल्लक आहे

दातांच्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत बारकीच्या डब्याचं झाकणही अजून उघडलेलं नव्हतं, तेवढ्यात सिरॅमिकचे दात करणारी मुलगी, सगळ्यांची सिरॅमिकवाली, तिच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावत म्हणाली, "अहो मावशी, तुम्ही त्याला स्वतःच्या हाताने भरवताय की!" आणि खळखळून हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. ही मुलगी सकाळी पंखा कुरकुरला तरी हसायची. पण बारकीचं बोट काचेवर जागच्या जागी थांबलं, आणि तेवढ्याशा थांबण्यात खेळातला तो जांभळा गोळा तिच्या अंगावरून सरकला आणि ती नाहीशी झाली. पांढऱ्या मैदानावर तिच्या नावाचं काही उरलं नाही. जांभळ्याच्या पोटावर त्याचं नाव तरंगत होतं, 'पाहुणा'. पाहुणा जरासा फुगला आणि निघून गेला. खेळ साधाच होता. आपण एक गोळा. बोट फिरेल तिकडे जायचं, वाटेतले ठिपके गिळायचे, आपल्याहून लहान गोळे गिळायचे, आपल्याहून मोठ्यांपासून पळायचं. कुठल्या कुठल्या गावातली, देशातली माणसं त्याच वेळी त्याच मैदानात असत आणि कुणी कुणाला ओळखत नसे. स्वतःचा एखादा तुकडा तोडून दुसऱ्याकडे फेकताही येई. का फेकावा, हे खेळात कुठे लिहिलेलं नव्हतं. बारकी मात्र जरा अंग धरलं की एखादा मोठा गोळा शोधून त्याच्या आसपास राही आणि त्याला आपले तुकडे देत जाई. दिलं की तो आपल्याला खात नाही, असं तिच्या मनाने धरलं होतं. आज तर पाहुण्याबरोबर ती बराच वेळ मैदानभर फिरली होती. वरच्या कोपऱ्यातल्या मोठ्यांच्या यादीत तिचंही नाव आलं होतं आणि तिला चक्क सोबत वाटली होती. आता सिरॅमिकवालीने म्हटल्यावर तिला ते सगळं फिरणं एकदम उघडं दिसलं. तो तिच्याबरोबर नव्हताच फिरत. ती संपायची वाट बघत होता.

नेमका तेव्हाच फोन वाजला. ताई. "उद्या सकाळी गवंडी येतोय. तुझं टेबल भिंतीपासून हलवून ठेव, नाहीतर त्यावर सगळा राडा पडेल." मग ताई आणखी काहीबाही बोलली, जुन्या चादरींबद्दल, वायरमनबद्दल. बारकी "हं" म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने डबा उघडला, आणि आपल्याला भूक नाही हे तिच्या लक्षात आलं. कुठली भिंत ते ठाऊक होतं. चौथ्या मजल्यावर ताईचं घर आणि तिचं घर शेजारी शेजारी होतं, मधली भिंत एकच. भाच्याचं लग्न ठरल्यापासून ताई ती भिंत पाडायचं बोलत होती. जेवताना, जिना चढताना, फोनवर. दर वेळी बारकी हं म्हणाली होती. हं म्हणजे ऐकलं, एवढंच. त्या सगळ्या हुंकारांचा उद्या एक मोठा हो होऊन हातोडा घेऊन दारात उभा राहणार होता, आणि आपल्याला कुणी विचारलंय हे आठवायला गेलं तर आठवत नव्हतं.

दुपारभर ती काम करत राहिली. बर्नरच्या निळ्या ज्योतीवर सुरी तापवायची, गुलाबी मेण त्या सुरीने उचलायचं, हिरडीच्या वळणावर सोडायचं, त्यात एकेक दात बसवायचा. कवळ्या लावण्यात तिच्याइतका हलका हात त्या लॅबमध्ये दुसऱ्या कुणाचा नव्हता. नवी मुलं सगळे दात शिस्तीत, कवायतीला उभे केल्यासारखे लावत, आणि मग ते तोंड खोटं दिसे. बारकी पुढच्या दातांतला एखादा किंचित वळवून लावायची, कोपऱ्यात केसाएवढी फट ठेवायची. तोंड बघायला मिळायचं नाहीच. नुसता प्लास्टरचा जबडा, त्यावर पेन्सिलने नंबर. पण हा माणूस हसताना ओठ उजवीकडे ओढत असणार, ही बाई रागीट असणार, असं तिला जबड्यावरून वाटत राही. शहरातली कितीतरी माणसं त्या घटकेला तिने लावलेल्या दातांनी चावत असतील. हा विचार तिच्या मनात पूर्वीही येऊन गेला होता, पण मऊ, कौतुकासारखा. आज तो वेगळाच आला. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवतेय, आणि माझ्या तोंडातून निघतं काय, तर हं. सुरी हातात जरा जास्तच तापली, मेणाला चटका बसला, करपट वास आला. पलीकडच्या टेबलावरून सिरॅमिकवालीने मान वर केली. "काही नाही," बारकी म्हणाली.

लहानपणी कुणी तिचं नाव विचारलं की उत्तर ताई द्यायची. "ही आमची बारकी." पुढे तेच नाव झालं. शाळेत, शेजारीपाजारी, घरात. तिला कोणता रंग आवडतो, ती भाजी खाणार की नाही, तिला थंडी वाजतेय का, सगळं ताईला तिच्याआधी कळे. आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असे, पंचाईत तिथेच होती. ताई चुकली असती, दुष्ट असती, तर बरं झालं असतं. पण तापात ती फणफणत पडली होती तेव्हा ताई परीक्षा बुडवून तिच्या उशाशी बसली होती. चमच्या-चमच्याने पाणी पाजत होती, आणि आईने "जा गं, मी आहे" म्हटलं तरी हलली नव्हती. मग ते लग्न. बारकीचा नवरा मारणारा नव्हता, पिणारा नव्हता. तो फक्त तिच्याशी बोलत नसे, पंख्याशी बोलावं तसं अधूनमधून काहीतरी म्हणे. एक दिवस दुसरीच कुणीतरी आहे असं उघडकीला आलं. ताई टॅक्सी घेऊन आली. म्हणाली, "सामान मी भरते, तू खाली जाऊन उभी राहा." बारकी खाली जाऊन उभी राहिली. वरून ताईचा आवाज ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते, पण चढ-उतार कळत होते. काय झोडपलं असेल तिने त्याला! जिन्यातल्या लोकांनी नंतर ताईचं कौतुक केलं. टॅक्सीत ताईने तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. तेव्हा बारकीला बरं वाटलं होतं. नंतर, खूप नंतर, भांडी घासताना किंवा रांगेत उभी असताना तिला वाटू लागलं, की त्या माणसाला मी काय म्हटलं असतं? ती शोधू लागे आणि तिथे काही सापडत नसे. ताईने सगळंच बोलून टाकलं होतं.

संध्याकाळी ती रोजच्यासारखी ताईकडे जेवायला गेली. भावोजी गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते. भाचा मोबाइलवर होणाऱ्या बायकोशी हळू आवाजात बोलत होता. ताई ओट्याशी. बारकीने ताटं मांडली आणि पाठमोऱ्या ताईला म्हणाली, "ताई, मी काय म्हणते, ती भिंत—"

"धूळ होणार, माहीत आहे मला. जुन्या चादरी काढून ठेवल्यात."

"धुळीचं नाही. मला—"

"टेबल ना? मागच्या खोलीत बसतं व्यवस्थित. मी मापून बघितलं."

कधी मापलं? मी कामावर असताना. टेपचं टोक माझ्या टेबलाच्या कडेला लावून. तिच्या डोळ्यांपुढे ते टेबल आलं. खिडकीला लागून, सकाळचं ऊन तिरपं पडणारं. सुट्टीच्या दिवशी ती तिथे बसून उरलेल्या मेणाचं उगाच काहीबाही करायची, कान, बोटं, कधी एखादं मनासारखं नाक. करायची आणि परत वितळवायची. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. भाच्याने फोनवर हात ठेवून विचारलं, "आई, त्या मोठ्या खिडकीचा उजेड आमच्या खोलीपर्यंत येणार ना गं?" आणि ताई म्हणाली, "येईल रे."

जेवणं झाली. मग बारकी सवयीने मोबाइल काढून खेळात शिरली. ताई पदराला हात पुसत शेजारी येऊन बसली. "काय सारखं बोट फिरवत असतेस गं? बघू." बारकीने तिला दाखवलं. ताईने मोबाइल जवळजवळ हिसकावूनच घेतला, नावाच्या जागी 'ताई' लिहिलं आणि मैदानात शिरल्या शिरल्या एका लाल गोळ्याच्या पोटात गेली. "हा कोण मेला? मी काय वाकडं केलं होतं याचं?" भावोजी हसले. ताईने पुन्हा सुरू केलं, पुन्हा गेली. पुन्हा. तिचा चष्मा नाकावर घसरला. मैदानाच्या कडेकडेने, जीभ दातांत धरून, ती ठिपके गोळा करू लागली, आणि एकदाचा एक इवलासा गोळा तिच्या तोंडात आला. "गेला! बघ बारके, गेला!" तिचा चेहरा इतका उजळला की बारकीलाही हसू आलं. कित्येक दिवसांत तिने ताईला असं पाहिलं नव्हतं. तेवढ्यात भाचा आतून म्हणाला, "आई, ताक आहे का?" साध्याच आवाजात. ताईने त्याच क्षणी मोबाइल खाली ठेवला आणि उठली. खेळ चालूच होता. मैदानाच्या मध्यावर ताई नावाचा गोळा निपचित उभा होता. बारकीने तो हलवून बाजूला घ्यावा म्हणून बोट पुढे केलं आणि मग केलं नाही. कुणीतरी आलं आणि ताईला घेऊन गेलं.

रात्री तिने टेबल हलवलं नाही. विसरली नाही. खोलीत दोनदा त्याच्याजवळ गेली, कडेला हात लावला, आणि झोपून गेली. सकाळी उजाडताच उठली, चहा केला आणि खिडकीशी बसून खेळ उघडला. आज ती वेगळं खेळत होती. कुणाच्या आसऱ्याला गेली नाही, कुणाला काही दिलं नाही. मैदानात हिरवे काटेरी गोळे होते. लहान असेल तर त्यांच्याखाली लपता येई, मोठा त्यावर आदळला तर फुटून ठिकऱ्या होत. ते तिला आधीपासून माहीत होतं, पण लपणं तिला कसंसंच वाटे. आज ती काट्यांखाली शिरून बसली. बाहेर एक अवाढव्य पिवळा गोळा घिरट्या घालत राहिला. मोठ्यांना घाई करता येत नाही, त्यांचं अंगच त्यांना नडतं. तो लोभाने पुढे सरकला, काट्याला लागला आणि फुटला, आणि बारकी त्याच्या तुकड्यांतून सुसाट धावत सुटली, एक गिळला, दुसरा गिळला, तिच्या पोटावर तिचं नाव ताणून मोठं मोठं होत गेलं. वरच्या कोपऱ्यातल्या यादीत 'बारकी' पहिल्या जागेवर. ती मोठ्याने हसली, एकटीच. आणि तेव्हा पहिला घाव पडला.

आवाज भिंतीतून आला पण लागला तिच्या छातीत. बशीत कप थरथरला. दुसऱ्या घावाला गिलाव्याचा एक पोपडा सुटून टेबलावर, मेणाच्या तुकड्यांवर पडला. तिने मोबाइल ठेवला. पहिली जागा, नाव, कोण येऊन गिळतंय, कशाचीच तिला पर्वा राहिली नाही. ती उठली आणि तळहाताने भिंतीवर थापा मारू लागली. हाताचा आवाज तिकडे कुठे पोहोचणार. तिने चप्पल उचलली आणि चपलेने भिंत बडवली, दणादण, केस सुटेपर्यंत. पलीकडे हातोडा थांबला.

"बाई," गवंड्याचा दबका आवाज आला, "पलीकडून कुणीतरी ठोकतंय."

"बहीण आहे माझी. तुम्ही चालू द्या."

"चालू देऊ नका!" बारकी ओरडली. हा आवाज तिचा होता. भांडी पडल्यावर निघतो तसा, ओबडधोबड. "ही भिंत माझीपण आहे. आता हातोडा लावलात तर—" आणि ती थांबली, कारण वाक्याचं पुढचं टोक तिच्याजवळ नव्हतं. ती सवयीने वाट बघत राहिली. पण मध्ये भिंत होती, आणि वाक्य पुरं करायला कुणी आलं नाही. ते तिलाच करावं लागणार होतं. "तर माझ्या डोक्यात बसेल," ती म्हणाली. "मी डोकं टेकून उभी आहे." आणि बोलल्यावर तिने खरोखरच कपाळ भिंतीला टेकलं. भिंत गार होती. पलीकडे गवंडी म्हणाला, "मला नाही जमायचं बाई हे," आणि हत्यार जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

ताई आली ती गाऊनवरच, ओढणी कशीतरी गुंडाळून, केसांत चुन्याची पूड. "डोकं फिरलंय का तुझं? माणूस कामाला आलाय."

"त्याला परत पाठव."

"काल तू हं म्हणालीस!"

"हं म्हणजे ऐकलं. हं म्हणजे हो नाही."

"आणि इतकी वर्षं?"

"इतकी वर्षंही."

ताई तिच्याकडे बघत राहिली, अनोळखी माणसाने रस्त्यात हात धरावा तशी. मग तिचा आवाज चढला. "तुझ्यासाठी मी काय नाही केलं गं? सांग ना. काय नाही केलं?"

"सगळं केलंस. माझ्या वाट्याचंही तूच केलंस. त्याला मी काय बोलले असते, तेही तूच बोललीस."

"कुणाला?"

"माझ्या नवऱ्याला."

"तू बोलणार होतीस? खाली उभी राहून रडत होतीस तू!"

"रडून झाल्यावर बोलले असते."

 ताई स्टूल ओढून बसली. टेबलावर पडलेला पोपडा उचलून बोटांत चुरत राहिली. मग एकदम, भांडणाच्या आवाजात नाही, दमलेल्या आवाजात म्हणाली, "मग मी कुठे जाऊ?"

"म्हणजे?"

"ती दोघं आमच्या खोलीत. नव्या सुनेला काय हॉलमध्ये झोपवायचं? यांना गुडघ्यामुळे पलंगच लागतो, तो हॉलमध्ये टाकायचा, तिथे दुसरा मावत नाही. माझं अंथरूण इथे येणार होतं, या टेबलाच्या जागी. त्यालाच सुचलं ते. म्हणाला, आई, तू मावशीकडे झोप, भिंत काढली की एकच घर." ती थोडं हसली. "मला वाटलं, बरंच आहे. तुझ्याजवळ असेन."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्यात सांगायचं काय? तू नाही थोडीच म्हणणार होतीस."

बारकीच्या घशाशी हं आला. पुरा, गोल, तयार. ताईचे पाय सुजले होते, घोट्याशी चपलेचे वळ दिसत होते, आणि ते पाय बघताना तिला वाटलं, काय होतं एका टेबलाचं? देऊन टाकावं. टेबल, खिडकी, भिंत, सकाळ. तोडावं आणि फेकावं. ताई उद्या सुखाने इथे झोपेल, आणि परवा भाचा आतून काही मागेल, ताई उठेल, ताईमागोमाग मी उठेन. तिने तो हं गिळला. 

"तुला तुझ्या घरात जागा नाही," ती म्हणाली, "हे त्याला सांग. मला नको सांगूस."

"पोटच्या पोराला कसं सांगू?"

"माझ्याकडे गवंडी पाठवलास तसं सांग."

"बारके!"

"आणि माझ्याकडे यायचं असेल तर दारातून ये. झोपायला ये, भांडायला ये, रोज ये. भिंतीतून नको येऊस."

ताई उठली. वाटलं, मारते की काय. लहानपणी एकदा मारलं होतं तसं, आणि मग स्वतःच रडली होती. पण ती नुसती उभी राहिली, ओढणी झटकली, आणि बाहेर गेली. दार आपटलं. बाहेर गवंडी विचारत होता, "मग उद्या येऊ का?" आणि ताई म्हणत होती, "मला काय विचारता? सांगते फोन करून." पाठोपाठ ताईच्या घराचं दार आपटलं. नंतर भिंतीपलीकडून तिचा आवाज यायला लागला, चढणारा, आणि मध्येच भाच्याचा, "अगं पण आई, ऐकून तर घे." ताईचे शब्द कळत नव्हते. बारकीने कान लावला नाही. हात धुतले, केस बांधले, टेबलावरचा चुरा ओल्या फडक्याने पुसला. आता तिला सपाटून भूक लागली होती. तिने उभ्या उभ्याच शिळी पोळी गुंडाळून खाल्ली.

लॅबमध्ये पोहोचायला उशीर झाला. मालक दाराशीच होते. ते डॉक्टर नव्हते, पण सगळे त्यांना डॉक्टर म्हणत आणि तेही ओ देत. उशीर झाला की बारकी आजवर रहदारी सांगत आली होती, नाहीतर पोटदुखी. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरच्या पांढऱ्या चुऱ्याकडे.

"काय झालं? पडलात कुठे?"

"नाही. भांडत होते."

"तुम्ही?" त्यांनी चष्मा वर केला. "कुणाशी?"

"थोरल्या बहिणीशी."

"अरे वा. मग जिंकलं कोण?"

तिने पिशवी खुंटीला अडकवली, बाह्या वर केल्या आणि बर्नर पेटवला.

"अजून चालू आहे," ती म्हणाली.